फेब्रुवारीत भाषणं नकोत, बस शिकवा : अमेरिकेतल्या मराठी शाळांना खुलं पत्र

उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांचे शिक्षक, संचालक आणि मंडळांच्या सांस्कृतिक समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक सध्या सगळीकडे चर्चेला आहे. जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, २७ला मराठी भाषा गौरव दिन. या गर्दीत 'ब्लॅक हिस्टरी मंथ : दोन मुलांची भाषणं, एक वेशभूषा' अशी एक ओळ कुठेतरी बसवून दिली जाते, कारण फेब्रुवारी हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. ती ओळ खोडून तिच्या जागी पंचेचाळीस मिनिटांचे तीन तास धरा, एवढी आमची विनंती आहे. तास कसे घ्यायचे, काय सामान लागतं, कुठे फसतं, तेही इथेच लिहितो. आम्ही इथल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिकवतो आणि रविवारी मराठीचे वर्ग घेतो. मुलं रोजच्या शाळेतून काय घेऊन येतात आणि काय तिथेच राहून जातं, हे दोन्हीकडून दिसतं.

पहिला तास कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या दिनाच्या आदल्या रविवारी ठेवा. जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारची ही केंद्रीय सुट्टी १९८६ पासून पाळली जाते, आणि उद्या शाळा का नाही हे मुलांना आदल्या दिवशी समजलेलं बरं. लाँग वीकेंडला वर्ग बंद असतील तर एक रविवार अलीकडे घ्या. उरलेले दोन फेब्रुवारीच्या पहिल्या दोन रविवारी. शिवजयंतीच्या आठवड्यात धरू नका. हॉल मिळणार नाही आणि निम्मी मुलं मावळ्यांच्या वेशात असतील.

समितीत कोणीतरी विचारणारच : मराठीलाच तास पुरत नाहीत, त्यात हे कशाला?

१९४६च्या कायद्याने भारतातून वर्षाला शंभर माणसांना अमेरिकेत स्थायिक व्हायला येता येत होतं. शंभर. ३ ऑक्टोबर १९६५ला सही झालेल्या कायद्याने जन्मदेशानुसार माणसं तोलणारी ती पद्धत मोडली आणि एका देशाची मर्यादा वीस हजारांवर गेली. अमेरिकेच्या त्याच काँग्रेसने, म्हणजे संसदेने, दोन महिन्यांपूर्वी, ६ ऑगस्टला, कृष्णवर्णीयांच्या मतदानाचं रक्षण करणारा कायदा आणला होता. रस्त्यावर मार खाऊन लोकांनी वंशावरून माणसांची वर्गवारी करणंच लाजिरवाणं ठरवलं, म्हणून स्थलांतराचा हा कायदा सोपा झाला. आपली मंडळं, आपल्या शाळा, गणपतीची मिरवणूक, सगळं त्याच्या पुढचं. मुलांना हे सांगायचं नाही तर काय सांगायचं?

दुसरं कारण भाषेचं. 'माझी आई' या विषयावर पाच वाक्यं काढताना जी मुलं घड्याळाकडे बघतात, तीच मुलं अन्यायाचा नियम समोर ठेवला की मोडक्यातोडक्या मराठीत भांडायला लागतात. 'हे बरोबर नाहीये' हे पाठ करून घ्यावं लागत नाही.

आणि तिसरं, जरा नाजूक. २०२१ पासून बऱ्याच राज्यांनी वंश आणि वंशवाद सरकारी शाळेत कसा शिकवावा यावर बंधनं घालणारे कायदे केले. कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा शिक्षक जास्त घाबरतात आणि धडा आखूड करतात. रविवारचा मराठी वर्ग मंडळाचा स्वतःचा असतो. तुमच्या मराठीचे श्रेयांक स्थानिक शाळा-जिल्हा मान्य करत असेल, तर मात्र त्यांच्याशी झालेला करार एकदा काढून वाचा.

मुलं रोजच्या शाळेतून साधारण तीन वाक्यं घेऊन येतात : रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, डॉक्टर किंगना स्वप्न पडलं, मग कायदा झाला आणि सगळे मित्र झाले. यात खोटं थोडं आणि गाळलेलं फार. नियम कोणी केला होता, मोडल्यावर काय होत होतं, लढ्याला पैसे कोणी दिले, कोर्टात कोण गेलं, यातलं काही मुलांपर्यंत येत नाही. म्हणून पहिला तास बसचा.

हा तास दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी रोझा पार्क्स ज्या बसमध्ये चढल्या, तिच्यात ३६ जागा होत्या. पुढच्या दहा गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी त्यांच्याच. मागच्या दहा कृष्णवर्णीयांच्या. मधल्या सोळांचा निकाल ड्रायव्हरच्या हातात. चार-चार मुलांच्या प्रत्येक गटाला एक मोठा कागद द्या. साधे दोन कागद चिकटवले तरी भागतं. त्यावर ३६ चौकोन आखा : पुढे दहा, मध्ये चार-चारच्या चार रांगा, मागे दहा. मधून वाट, पुढे एक दार, मागच्या बाजूला दुसरं. सोबत ११ पिवळ्या आणि २८ निळ्या चिठ्ठ्या. पिवळ्या म्हणजे गोरे प्रवासी, निळ्या म्हणजे कृष्णवर्णीय. काळ्या-पांढऱ्या किंवा तपकिरी चिठ्ठ्या मुद्दाम घ्यायच्या नाहीत, नाहीतर मुलं चिठ्ठी आपल्या हाताशी लावून बघतात आणि नियम बाजूला राहतो.

आता नियम एकेक करून वाचा आणि चिठ्ठ्या मुलांना ठेवू द्या. आधी सहा पिवळ्या चढतात, पुढे बसतात. मग अठ्ठावीस निळ्या. निळ्या चिठ्ठीने पुढच्या दाराशी दहा सेंट द्यायचे, खाली उतरायचं, बाहेरून चालत जाऊन मागच्या दाराने चढायचं. तेवढ्यात बस निघाली तर पैसे गेले. असं घडत असे, हेही सांगा. मागच्या दहा आणि मधल्या सोळा जागा भरतात, दोन निळ्या उभ्या राहतात. पुढे चार जागा रिकाम्या. इथे थांबा, काही बोलू नका. वर्ग आपणहून बोलतो.

पुढच्या थांब्यावर पाच पिवळ्या चढतात. चार पुढच्या रिकाम्या जागांवर बसतात, एक उरते. आता ड्रायव्हरचा हुकूम : मधली पहिली रांग रिकामी करा. एका गोऱ्या माणसाला बसायचं तर त्या रांगेतल्या चौघांनीही उठायचं, कारण गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी एकाच रांगेत बसायचं नाही. मुलं चार निळ्या चिठ्ठ्या उचलतात, एक पिवळी ठेवतात. चार जण उठले, एक बसला, तीन जागा मोकळ्या. तिसरीतल्या मुलालाही हा हिशेब चुकलेला कळतो. त्या रांगेतल्या चौघांपैकी तिघं उठले. चौथ्या रोझा पार्क्स.

या तासात दोन ठिकाणी हमखास गडबड होते. एखादं मूल 'मी पिवळा' म्हणून बाजू घेतं आणि खेळ सुरू होतो. लगेच गटांचे कागद अदलाबदल करा. दुसरी गडबड शिक्षकाची. चिठ्ठ्या ठेवून झाल्या की 'म्हणून आपण सगळ्यांशी समान वागावं' असं म्हणून तो तास गुंडाळतो. त्याऐवजी फळ्यावर तीन प्रश्न लिहा आणि उरलेली वीस मिनिटं त्यांना द्या. नियम कोणी केला? मोडला तर काय? बदलायचा तर कोणाकडे जायचं? उत्तरं ठोस आहेत. नियम शहराचा आणि राज्याचा, त्याच्या वर ड्रायव्हरची मनमानी. मोडला तर अटक; पार्क्सबाईंना दहा डॉलर दंड आणि चार डॉलर कोर्टाचा खर्च झाला. बदलायला बस कंपनीकडे जाऊन झालं, शहराकडे जाऊन झालं. उरलं कोर्ट आणि खिसा.

दमल्याची गोष्ट इथेच मोडून काढा. पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या स्थानिक शाखेत वर्षानुवर्षं सचिवाचं काम केलेल्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत शिबिराला जाऊन आलेल्या. त्यांच्याआधी नऊ महिने, २ मार्चला, पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनला त्याच शहरात त्याच कारणासाठी अटक झाली होती. मुलांना कोल्विन जास्त आवडते, वयामुळे. आवडू द्या. बसमधल्या वेगळ्या जागा ज्या दाव्यामुळे बंद झाल्या, त्या 'ब्राउडर विरुद्ध गेल' खटल्यात कोल्विन होती, पार्क्स नव्हत्या.

त्याच तासाच्या शेवटी, किंवा घरी करायला, ही गणितं द्या. पार्क्सबाईंच्या अटकेनंतर शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार ५ डिसेंबर १९५५ला सुरू झाला आणि २० डिसेंबर १९५६ला संपला. दिवस किती? बरीचशी मुलं ३८० आणतात. उत्तर ३८१ आहे, कारण १९५६ हे लीप वर्ष. बस कंपनीची रोजची तीस ते चाळीस हजार तिकिटं बुडत होती. तीसच धरली तरी दहा सेंटच्या हिशेबाने रोजचे तीन हजार डॉलर. चौथी-पाचवीच्या मुलांना ३८१ने गुणू द्या. बसने जाणाऱ्यांत चारातले तीन कृष्णवर्णीय होते, हा आकडा त्याआधी सांगा. मग बहिष्कार का टोचला ते वेगळं समजवावं लागत नाही.

आता दुसरा तास, संघटनेचा. यावर रेंगाळा, कारण रोजच्या शाळेत हाच गाळला जातो. पार्क्सबाईंना अटक झाली त्या रात्री कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी सायक्लोस्टाइल यंत्रावर रात्रभर हजारो पत्रकं काढली, एका कागदावर तीन मजकूर बसवून, म्हणजे कागद वाचेल. त्यांची महिला संघटना बसमधल्या वागणुकीबद्दल शहराकडे आधीपासूनच तक्रारी करत होती, त्यामुळे पत्रकं कोणाच्या हातात द्यायची हे शोधत बसावं लागलं नाही. सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटमध्ये, लोकांना नेलं. शहराने टॅक्सीचं किमान भाडं ४५ सेंट असल्याचा नियम पुढे केला. मग कारपूल आला : सुमारे तीनशे गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. ही युक्ती लुइझियानातल्या बॅटन रूजची. तिथे १९५३मध्ये बसवर बहिष्कार झाला होता. मग गाड्यांचा विमा रद्द होऊ लागला आणि तो शेवटी थेट लंडनहून उतरवावा लागला. मुलं विचारतात, विमा म्हणजे काय. सांगा. लढा विम्यावरही अडतो हे नऊ वर्षांच्या मुलाला समजतं.

पेट्रोलचे पैसे कुठून आले? जॉर्जिया गिल्मोर नावाच्या स्वयंपाकीणबाई आणि त्यांच्या मैत्रिणी सँडविच, केक, पाय करून विकायच्या आणि आलेला गल्ला सभेत आणून द्यायच्या. आपल्या मंडळाच्या खाऊच्या स्टॉलसारखंच, फक्त इथे कोणी केलं आणि कोणी विकत घेतलं हे कळलं तर नोकरी जायची. म्हणून गटाचं नावच त्यांनी ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. हे ऐकून मुलं खूश होतात. गिल्मोरबाईंची नोकरी पुढे गेलीच, कोर्टात साक्ष दिल्यावर. तेही सांगा.

चौथी-पाचवीला आणखी एक गोष्ट झेपते. बहिष्काराची पहिली मागणी वेगळ्या जागा बंद करा अशी नव्हतीच. ड्रायव्हरने नीट बोलावं. जो आधी येईल तो बसेल, कृष्णवर्णीय मागून आणि गोरे पुढून. कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर नेमावेत. एवढंच. एवढंही नाकारलं गेल्यावर पुढचं सगळं झालं.

बालवाडी आणि पहिलीला बसचं हे गणित जड जातं. त्यांना रूबी ब्रिजेस द्या. १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लिन्स, वय वर्षं सहा. विल्यम फ्रांत्झ शाळेत तिला चार केंद्रीय मार्शल घेऊन गेले. दाराशी आरडाओरडा करणारी गर्दी बघून तिला वाटलं मार्डी ग्राची जत्रा भरली आहे. पहिला पूर्ण दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून गेला. गोऱ्या पालकांनी मुलं काढून नेली, आणि बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या बाईंनी वर्षभर एका मुलीचा वर्ग घेतला. लहान मुलं इथे नेमकं विचारतात : मग ती मधल्या सुट्टीत कोणाशी खेळायची? उत्तर सरळ द्या : कोणाशीच नाही. गर्दी काय ओरडत होती ते शब्द वर्गात उच्चारायचे नाहीत. 'वाईट बोलत होते' पुरे. पण ती शूर होती म्हणून सगळं छान झालं, असंही रंगवू नका. तिच्या वडिलांची नोकरी गेली, मिसिसिपीत बटाईने शेती करणाऱ्या आजी-आजोबांना जमीन सोडावी लागली. आणि ती एकटी नव्हती : त्याच दिवशी त्याच शहरात मॅकडोना १९ या शाळेत तीन मुली गेल्या, लिओना टेट, टेसी प्रेव्हो आणि गेल एटिएन. चारही नावं फळ्यावर मराठीत लिहून घ्या. जोडाक्षरांचा सराव होतो.

तिसरा तास मोठ्यांचा, चौथी-पाचवीचा, आणि तो नागपुरात सुरू होतो. जेम्स लॉसन हा तरुण कृष्णवर्णीय मेथडिस्ट कोरियन युद्धाची सैन्यभरती नाकारली म्हणून अमेरिकेत तुरुंगात जाऊन आला, आणि १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. शिकवायचा, मुलांकडून खेळाचा सराव करून घ्यायचा, गांधीविचाराचा अभ्यास करायचा. मॉन्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर १९५७मध्ये ओबर्लिनला त्याची किंग यांच्याशी भेट झाली. किंग म्हणाले, दक्षिणेत या, लगेच या. नॅशव्हिलमध्ये त्याने कॉलेजच्या मुलामुलींना तयार केलं : डायन नॅश, जॉन लुइस, जेम्स बेव्हेल. तयारी म्हणजे प्रवचन नव्हे. काहींनी खुर्चीवर बसायचं, बाकीच्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचं, खुर्चीवरून ओढायचं; बसलेल्याने हात उचलायचा नाही. १३ फेब्रुवारी १९६०ला या मुलांनी दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या जेवणाच्या काउंटरवर ठिय्या सुरू केला आणि १० मेपासून शहरातले काउंटर सर्वांना खुले होऊ लागले. मधल्या काळात व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसनला काढून टाकलं होतं.

त्या मुलांच्या हातात नियमांचा एक छापील कागद असायचा. मारलं तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दाराची वाट अडवू नका. काही गंभीर घडलं तर म्होरक्याला कळवा. असे साधारण दहा. मुलांना ते इंग्रजीत द्या आणि मराठीत आणायला सांगा. आज्ञार्थ शिकवायला आमच्या मते यापेक्षा चांगला मजकूर नाही : 'बसा', 'ठेवा', 'सोडू नका'. मग प्रत्येक गटाने एक नियम घेऊन तो का केला असेल ते सांगायचं. 'हसू नका' यावर वाद रंगतो. लॉसनचा सराव मात्र वर्गात करून बघू नका. ती विशीतली मुलं होती, स्वतःहून आली होती आणि आपल्याला मार बसणार हे त्यांना ठाऊक होतं.

इथे आपल्या मंडळींना मोह होतो तो असा : किंगना गांधीजींनी घडवलं, म्हणजे लढा आपलाच. हा मोह आवरा. याच मॉन्टगोमेरीत १९०० साली कृष्णवर्णीयांनी ट्रामवर बहिष्कार घातला होता, तेव्हा गांधीजींचा सत्याग्रह जन्मलाही नव्हता. विचार दोन्हीकडून आले-गेले. महात्मा फुले यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि डुबॉईस यांनी उत्तर पाठवलं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. गांधीजींचं नाव घेऊन ही बाकीची नावं गाळायची, असं आपल्या कार्यक्रमांत फार होतं.

या तासाला, किंबहुना पहिल्याच तासाला, एक प्रश्न येणार : मग आपण बसमध्ये कुठे बसलो असतो? टाळू नका. १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सांगितलं की नागरिकत्वाच्या कायद्यापुरते भारतीय 'गोरे' नाहीत. पण दक्षिणेतल्या गाडीत, हॉटेलात काय होईल याचा नेम नसायचा. १९४१मध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय यांना रेल्वेच्या डब्यात उठायला सांगण्यात आलं. त्या इथल्या कृष्णवर्णीय नाहीत हे लक्षात आल्यावर तिकीट तपासनीस नरमला, पण मीही कृष्णवर्णीयच आहे आणि मी हलणार नाही, असं त्यांनी त्याला सुनावलं. १९६४मध्ये राममनोहर लोहिया यांना मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये एका खानावळीत मज्जाव झाला आणि दुसऱ्या खेपेला अटकही. भारतीय म्हणून सवलत मिळत असतानाही ती नको म्हणणारी माणसं होती, हे मुलांना कळू दे.

आता काय करायचं नाही, ते थोडक्यात.

वेशभूषा स्पर्धेत किंग किंवा पार्क्स होणाऱ्या मुलाच्या तोंडाला काजळ, बूटपॉलिश, गडद फाउंडेशन, काहीही लावायचं नाही. आपल्याकडे नाटकात रंग फासणं साधं वाटतं. इथे त्याला शंभर-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. गोरे नट तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे खेळ लावायचे, आणि वर्णभेदाच्या कायद्यांना 'जिम क्रो' हे नावही तशाच एका सोंगावरून मिळालं. फोटो फेसबुकवर गेला की मूल आयुष्यभर अडकतं. वेशभूषा अजिबात नसली तर उत्तम.

गुलामांचा लिलाव, जहाजाचा तळ, रात्री पळून जाणं, यांचं नाट्य करायचं नाही, 'अनुभवातून शिक्षण' म्हणूनसुद्धा नाही. एक तर मुलं खिदळतात, नाहीतर रडतात; शिकणं दोन्हीत होत नाही. चाबकाच्या वळांचे किंवा झाडाला टांगलेल्या माणसांचे फोटो प्राथमिक वर्गात नकोत. 'आफ्रिकेतून गुलाम आणले' असं म्हणू नका. शेतकरी, लोहार, माता, मुलं अशी माणसं पकडून आणली आणि इथे गुलाम केली, असं म्हणा.

सांगोवांगीच्या गोष्टी गाळा. हॅरिएट टबमन यांनी गुलामगिरीतून तीनशे माणसं सोडवली हा आकडा फुगवलेला. साधारण तेरा फेऱ्या आणि सत्तरेक माणसं, आणि तेही थक्क करणारंच आहे. गोधड्यांवरच्या नक्षीत पळण्याच्या वाटा लिहिल्या होत्या याला इतिहासकारांना पुरावा सापडलेला नाही, मुलांनी गोधडी कितीही सुंदर रंगवली तरी. पीनट बटर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने शोधलं नाही.

शब्दांचंही बघा. वर्गात 'कृष्णवर्णीय' म्हणा. जुन्या मराठी पुस्तकांतला 'निग्रो' वाचून दाखवू नका. घरी गाडीत 'तो काळ्या' असा उल्लेख होतो हे मुलं वर्गात सांगतात, अगदी निरागसपणे. त्या क्षणी पालकांची नाचक्की करू नका. 'हा शब्द आपण वापरत नाही' म्हणून पुढे जा आणि पालकांच्या निरोपात एक वाक्य घाला. पहिल्या तासाच्या दोन आठवडे आधी तो निरोप जायलाच हवा : काय शिकवणार, कोणत्या वयाला काय, आणि घरी काय विचारलं जाऊ शकतं. वर्गात कोणाचे वडील किंवा आई कृष्णवर्णीय असतील तर त्यांच्याशी आधी बोलून ठेवा, आणि त्या मुलाकडे 'तू सांग ना' म्हणून वळू नका.

डॉक्टर किंग कसे गेले हे पहिलीतलं मूलही विचारतं. ४ एप्रिल १९६८, मेम्फिस, एका माणसाने गोळी घातली. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते तिथे गेले होते. एवढं पुरतं, आणि संपाचा भाग गाळायचा नाही. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये मारल्या गेलेल्या चार मुलींबद्दल पाचवीच्या आधी काढू नका, आणि पाचवीतही पालकांना कळवून. पण मे १९६३मध्ये त्याच शहरात हजाराहून जास्त मुलं मोर्चाला निघाली आणि नऊ वर्षांची ऑड्री फे हेंड्रिक्स आठवडाभर तुरुंगात राहिली, हे चौथीला चालतं. 'आता संपलं का सगळं?' असं विचारलं तर नाही म्हणा, आणि रूबी ब्रिजेस यांचा जन्म १९५४चा आहे हे सांगा. मुलं आजीचं वय काढून बघतात.

शेवटची विनंती पाहुण्यांबद्दल. गावातल्या एखाद्या ज्येष्ठ कृष्णवर्णीय बाईंना किंवा गृहस्थांना बोलवायचं असेल तर नोव्हेंबरातच विचारा. फेब्रुवारीत त्यांना सगळीकडून बोलावणी असतात. 'तुमच्या संघर्षाबद्दल बोला' एवढ्यावर सोडू नका. विषय ठरवून द्या : तुमची शाळा, तुमचा बसचा मार्ग, तुमचं पहिलं मतदान. मुलांचे पाच प्रश्न आठवडाभर आधी पाठवा, आणि त्यांना नको असलेला प्रश्न काढून टाका. वीस मिनिटं बोलणं, वीस मिनिटं प्रश्न. मानधन द्या, गाडीखर्च द्या, रक्कम आधी सांगा. दिवाळीच्या गायकाला देताना समिती जेवढी घासाघीस करत नाही, तेवढी इथेही करू नये. खाली दाराशी त्यांना घ्यायला कोणीतरी उभं असू दे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत आणि मराठी वर्गांत शिकवणारे काही शिक्षक